देवळीतला हॉटस्पॉट

तिकोणा पेठेच्या वरच्या आळीत मोबाइलची रेंज देवाच्या हातात आहे, असं म्हणायचीही सोय नाही. देवळातसुद्धा ती येत नाही. किल्ल्याचा डोंगर गावाच्या पाठीला इतका चिकटून उभा आहे, की पूर्वी शत्रूला गाव दिसत नसे आणि हल्ली टॉवरला दिसत नाही. रेंज येते ती एकाच जागी, अंबाजीआबांच्या माजघरात, भिंतीतल्या देवळीत. पूर्वी तिथं दिवा असायचा. धरणापलीकडच्या टॉवरची रेंज पाण्यावरून येते, समोरच्या खिडकीतून आत शिरते आणि नेमकी त्या वीतभर खोबणीत येऊन बसते. हे कसं, ते कंपनीच्या माणसालाही सांगता आलं नव्हतं. तो देवळीपुढं फोन धरून दर्शनाला आल्यासारखा उभा राहिला आणि चहा पिऊन गेला.

आबा रेल्वेत गँगमन होते. लोणावळा-खंडाळ्याच्या घाटात, हातोडा खांद्यावर टाकून, त्यांनी उभी नोकरी रुळाच्या कडेनं चालत काढली. रुळाचे सांधे ठोकून पाहायचे. आवाज खणखणीत आला की पुढं जायचं, बद्द आला की थांबून बोल्ट आवळायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात 'यांनी आयुष्यभर माणसं जोडली' असं सांगितलं. साहेब आबांना त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होते, त्यामुळं ती चूक माफ करण्यासारखी होती.

आबांच्या घराला लागून धाकट्या भावाचं, मारुतीचं घर. खरं तर घर एकच, वडिलांचं. वाटणीत मधोमध भिंत आली. भिंत दोघांनी मिळूनच बांधली. मारुती विटा देत होता आणि आबा लावत होते. त्या वेळी दोघांत काही वाकडं नव्हतं, म्हणून देवळी खोल ठेवली आणि तिच्या पाठीला एकाच विटेचा पडदा राहिला. आवाज पलीकडं जातो हे दोघांना माहीत होतं आणि दोघांनाही चालत होतं.

वाकडं आलं ते खळ्यावरून. खळं दोघांच्या सामाईकीतलं राहिलं होतं. मारुतीनं धरणाच्या काठाला तंबू टाकले होते. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं त्यात झोपायला येत. घरात गाद्या असताना माणूस पैसे देऊन जमिनीवर का झोपतो, हे आबांना कधी कळलं नाही, पण ते त्यांच्या खात्यातलं नव्हतं. गाड्या मात्र खळ्यावर लागायच्या. एका शनिवारी आबांनी खळ्यावर इंद्रायणीचं भात वाळत घातलं होतं आणि एक लांबलचक गाडी त्यावरून वळली. गाडीवाला उतरला, टायरकडं बघितलं आणि म्हणाला, "सॉरी काका, मला गवत वाटलं."

गाडीवाल्याला आबा काही बोलले नाहीत. बोलले ते मारुतीला. मारुती म्हणाला, "दादा, चार पायलीसाठी गिऱ्हाइकापुढं तमाशा नगो."

"बापानं हे खळं सारवलं ते गाड्या लावायला व्हय रं?"

"बाप तुझाबी तोच व्हता."

यावर हसून दोघांनी घरी जावं, असं ते वाक्य होतं. पण गाडीवाला आणि त्याची बायको बघत उभी होती, आणि बघणारं कुणी असलं की आबांना हसू येत नसे. ते म्हणाले, "आजपास्नं तुझं-माझं पानी बंद. माझ्या उंबऱ्याला पाय लावू नगो."

हे वाक्य आळीत सहसा कुणी तोंडातून काढत नाही, कारण त्याला नियम आहेत. पाणी बंद म्हणजे एकमेकांच्या घरचं पाणी प्यायचं नाही, विस्तव मागायचा नाही, पंगतीला शेजारी बसायचं नाही. बायकांनी नळावर भाजीपाल्याचं बोलावं, पण पुरुषांचा निरोप इकडचा तिकडं न्यायचा नाही. आणि पुन्हा पाणी उघडायचं तर ज्यानं बंद केलं त्यानंच. समोरच्याची कितीही इच्छा असली तरी त्याला पायरी चढता येत नाही. बंद करणाऱ्यानं भरला तांब्या घेऊन त्याच्या दारी जायचं, त्यानं दोन घोट घ्यायचे, संपलं. माफी मागायची नाही, भाषण करायचं नाही. रीत सोपी आहे. अवघड असतं ते दारापर्यंतचं अंतर, आणि आबांच्या बाबतीत ते एका भिंतीचं होतं.

त्याच संध्याकाळी एक पेच उभा राहिला. मारुतीची मुलगी अमृता दुबईला इस्पितळात नर्स आहे. रोज दिवेलागणीला, रात्रपाळीला जायच्या आधी ती घरी व्हिडिओ कॉल करायची. मारुतीच्या सिमकार्डाला घरात रेंज नाही. म्हणून दुबईला जाताना अमृतानंच आबांच्या फोनवर हॉटस्पॉट लावून दिला होता, त्याला 'अंबाजी आबा' असं नाव दिलं होतं आणि पासवर्ड आपल्या बापाच्या फोनात भरून ठेवला होता. आबांनी दिवेलागणीला फोनवर एक बटण दाबायचं आणि फोन देवळीत ठेवायचा. भिंतीपलीकडं मारुतीचा फोन आपोआप जोडला जायचा. आबांच्या फोनवर अक्षरं उमटायची : एक डिव्हाइस कनेक्ट केलेले. पासवर्ड काय, हे आबांना माहीत नव्हतं. सांधा बसला होता. नट कुठल्या मापाचा, ते विचारायचं कारण नव्हतं.

आता पाणी बंद झालं तर हॉटस्पॉट पाण्यात मोडतो का? पारावर यावर बराच ऊहापोह झाला. हॉटस्पॉट विस्तवात धरावा असंही एकाचं मत पडलं, कारण फोन तापतो. शेवटी आळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या धोंडाबाईंनी निकाल दिला. "डोळ्याला दिसत न्हाई, भांड्यात धरता येत न्हाई. ते पानी कसलं? वारा हाय तो. वारा कुनी बंद केलाय का कवा?"

आबांना हा निकाल फार पसंत पडला. त्यांनी तो पसंत पडल्याचं कुणाला दाखवलं नाही. बटण दाबलं, फोन देवळीत ठेवला आणि लांब जाऊन पाठ करून बसले.

तेव्हापासून दोन भावांचा संसार त्या देवळीतून चालला. तोंडं बंद, हॉटस्पॉट चालू. पलीकडून अमृताचा आवाज यायचा. दुबईत ऊन किती, खोलीवरची मल्याळी मुलगी भात कसा करते, वगैरे. शेवटी ती न चुकता विचारायची, "बाबा, आबा कसे आहेत?" मारुती मोठ्यानं, अगदी भिंतीला ऐकू जाईल असं म्हणायचा, "बरा हाय. खोकतोय." मग आबा खोकायचे. त्यांना खोकला नसायचा. पण पोरीला बापानं खोटं सांगितलं असं व्हायला नको, म्हणून खोकायचे. पलीकडून हसण्याचा आवाज यायचा. ते हसणं ऐकलं की आबा जेवायला बसायचे.

अमृतानं थेट आबांना फोन का केला नाही? एकदा केला होता. भांडणाच्या दुसऱ्याच आठवड्यात. आबा फोनवर तिचं नाव बघत बसले. उचलला तर मारुतीला वाटेल पोरीच्या तोंडून समेट करतोय, या विचारात फोन वाजून वाजून थांबला. तिनं पुन्हा केला नाही. ती याच आळीत वाढली होती. न उचललेल्या फोनचा अर्थ तिला कुणी समजावून द्यायला नको होता.

असं चाललं होतं, आणि चालत राहिलंही असतं. पण दिवाळीला आबांचा मुलगा अतुल तळेगावहून आला आणि त्यानं बापाला नवा फोन आणला. तो तिथं मोटारीचे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. जुना फोन बदल्यात देऊन टाकला. "आबा, ह्यात सगळं हाय तसंच टाकलंय. नंबर, फोटो, समदं."

"हाटस्पाट?"

"तेबी हाय. हे बटन."

भाऊबीज उरकून अतुल परत गेला. संध्याकाळी आबांनी बटण दाबलं आणि फोन देवळीत ठेवला. थोड्या वेळानं बघितलं, तर अक्षरं होती : कोणतेही डिव्हाइस कनेक्ट केलेले नाही. मारुती तंबूकडं गेला असेल, असं त्यांना वाटलं. पुन्हा बघितलं, तर फोननं हॉटस्पॉटच बंद करून टाकला होता. कुणी जोडलेलं नसलं, की तो आपणहून बंद व्हायचा. शहाणा फोन होता. जुना येडा होता, वाट बघत बसायचा.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग एका संध्याकाळी आबांना खिडकीतून मारुती दिसला. डोक्याला मफलर, हातात फोन. किल्ल्याच्या वाटेला, गाड्या लावतात त्या वळणापर्यंत तो चढत गेला. तिथं त्याच्या सिमला रेंज मिळते. वळणावर उभा राहून तो हातातल्या उजेडाशी बोलत होता. त्या उजेडात अमृता असणार.

आबांनी त्याचा अर्थ लावला. त्यांच्या मते अर्थ सरळ होता : मारुतीला आता आपला हॉटस्पॉट नको आहे. त्यांनी अतुलला फोन लावला, भलत्याच गोष्टीसाठी, आणि जाता जाता विचारल्यासारखं विचारलं. अतुल हसला. "अवो आबा, नव्या फोनचं नाव येगळं, पासवर्ड येगळा. मारुतीनानांचा फोन वळखणार कसा? नवा पासवर्ड सांगा त्यांना, न्हाईतर जुना इचारून ह्यात टाका. एका मिनिटाचं काम."

एका मिनिटाचं काम होतं, यात शंका नाही. आबा देवळीपुढं बसून राहिले. सांगायचं तर बोलावं लागणार, विचारायचं तरी बोलावं लागणार.

त्यांची बायको नंदाबाई भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "सकाळी नळावर हिराला सांगते की." हिरा म्हणजे मारुतीची बायको.

"न्हाई."

"अवो, थंडीचा तितं वर जाऊन उभा ऱ्हातोय."

"मग इचारावं त्यानं. गरज कुनाला हाय?"

"त्यानं कसं इचारायचं? पाय लावू नगो म्हनून तुमीच सांगितलंय न्हवं?"

"पाय लावू नगो म्हनलं. भिंतीतनं हाक मारू नगो असं कुटं म्हनलंय?"

नंदाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. पुढं ती आळीत सांगायची, की जन्मात नवऱ्याचं एवढं एकच ऐकलं आणि तेच ऐकायला नको होतं.

थंडीभर हे चाललं. रोज दिवेलागणीला आबा बटण दाबायचे, फोन बंद व्हायचा, पुन्हा दाबायचे. भिंतीतनं हाक येईल म्हणून कान लावून बसायचे. पलीकडं थोडा वेळ खुडबुड व्हायची, पावलं देवळीपाशी येऊन थांबायची, मग दाराची कडी वाजायची. थोड्या वेळानं वळणावर उजेड दिसायचा. ती पावलं देवळीपाशी कशासाठी थांबतात, हा विचार आबांच्या मनात आला नाही असं नाही. पण त्यांनी तो बद्द आवाजाच्या सांध्यासारखा थांबून तपासला नाही. पुढं चालत राहिले. नोकरीत असं त्यांनी एकदाही केलं नव्हतं.

होळीच्या सुमाराला खांबावरून एक काळी तार आली आणि मारुतीच्या घरात शिरली. तंबूवाल्या गिऱ्हाइकांना वायफाय लागतं. ते नसलं तर निसर्गात त्यांचा जीव रमत नाही. मारुतीनं माडीवर डबी बसवली आणि बसायचं-उठायचं सगळं माडीवर नेलं. भिंतीपलीकडच्या खोलीत तंबूंच्या गाद्या रचल्या. आबांच्या नव्या फोनवर आता एक नवं नाव दिसू लागलं : अमृता. पुढं रेंजच्या भरगच्च रेघा आणि बारीकसं कुलूप. वारा आता उलट्या बाजूनं वाहत होता, आणि धोंडाबाईंना तो बंद करता येतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात अमृता रजेवर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आबांच्या दारात उभी. उंबऱ्याच्या बाहेर, ओट्यावर. "काकी, मला पाणी चालतं का?"

"तुला कुनी बंद केलंय?" नंदाबाईनं तांब्या आणला, आणि पोर पाणी पीत असताना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आबा आतून आले. दारात येऊन खोकले.

अमृता हसली. "खरा आहे का हा?"

"न्हाई," आबा म्हणाले.

ती ओट्यावर टेकली. आबांनी न विचारता फोन तिच्यापुढं धरला आणि नव्या फोनची सगळी कहाणी सांगितली. ती ऐकत गेली तसतसा तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे तुम्ही बंद नव्हता केला?"

"मी कशाला करू? रोज लावायचो."

"बाबा तेच म्हणायचे."

"काय म्हनायचा?"

"मी म्हटलं, आबांनी हॉटस्पॉट पण बंद केला का? तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, दादा असं करणार न्हाई. फोन बिघडला असंल त्याचा, म्हातारा झालाय फोन. रोज आधी भिंतीपाशी जाऊन बघायचे, आला का परत. मग वर वळणावर जायचे. मी म्हटलं, वायफाय घ्या, तर किती दिवस नकोच म्हणत होते. दादाचा फोन दुरुस्त झाला म्हंजे?"

आबा, अंगणात कोंबडी कशासाठी तरी ओरडत होती, तिकडं बघत राहिले.

अमृतानं फोनात जुनं नाव टाकलं, जुना पासवर्ड टाकला. "झालं. आता हा बाबांच्या फोनला ओळखेल. पण त्यांचा आता वायफायवर असतो." मग उठताना म्हणाली, "मी घरी सांगते सगळं. तांब्या मात्र तुम्हालाच आणावा लागेल, आबा. ते माझ्या हातात नाही."

तिनं सांगितलं असणार. संध्याकाळी मारुती खळ्यावर उभा होता, आबांच्या दाराकडं तोंड करून, बराच वेळ. गाडी एकही आलेली नव्हती. नंदाबाईनं तांब्या घासून, भरून देवळीत ठेवला. "जावा आता."

"उद्या जातो. पोरगी घरात हाय, तिच्यापुढं कशाला."

पोरगी दुबईला गेली. मग शनिवार आला. गिऱ्हाइकं होती, बघणारं कुणी असलं की आबांचं जमत नाही. मग मारुती बियाण्यासाठी वडगावला गेला. मग पेरणी आली, मग लावणी. आबा कामात होते असं म्हणता येईल. कारणं सगळी खरी होती. एकही खोटं असतं तर नंदाबाईनं ते चुलीत घातलं असतं. ती रोज सकाळी तांब्या भरून देवळीत ठेवायची आणि संध्याकाळी ते पाणी तुळशीला घालायची. तुळस मात्र त्या वर्षी चांगली वाढली.

दिवेलागणीला आबा फोन लावायचे. कोणतेही डिव्हाइस कनेक्ट केलेले नाही. ते भिंतीशी जाऊन एकदा खोकायचे. पलीकडं छतापर्यंत गाद्या होत्या. खोकला त्यांत जिरून जायचा. माडीवरून कधी कधी हसण्याचा आवाज येतोसा वाटायचा, पण पावसात नक्की काही कळत नसे.

श्रावणात एके संध्याकाळी वारा सुटला आणि आळीतले दिवे गेले. आबांनी सवयीनं बटण दाबलं, फोन देवळीत ठेवला आणि कंदील शोधायला गेले. परत आले तर देवळीत उजेड होता आणि त्यात अक्षरं होती. आबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचली. एक डिव्हाइस कनेक्ट केलेले.

पलीकडची डबी विजेअभावी बंद पडली होती, आणि माडीवरच्या फोननं आपल्या आपण जुनी ओळख शोधून काढली होती. मालकाला त्याचा पत्ता असण्याचं काही कारण नव्हतं. तो बोलत असेल. कुणाच्या हॉटस्पॉटवरून, ते फोनला माहीत होतं.

आबा भिंतीला टेकून बसले. गाद्यांमधून काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. तांब्या फोनच्या शेजारी होता, भरलेला. आज तुळशीला पाणी घालायचं राहिलं होतं. फोनची बॅटरी तांबडी झाली होती.

नंदाबाई चिमणी घेऊन आली. "बंद करा तो. उद्याला कुनाला फोन करायला लागला तर?"

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "तो बोलतोय."